वाचकांचे प्रश्न : शरणपूरहून आफ्रिकेला गेलेले नाशिककर

मागच्या अंकात नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशन वसाहतीवर एक छोटं टिपण आलं होतं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकला आणली गेली, इथे शिकली, आणि त्यांतली काही पुढे शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

लिव्हिंगस्टनचं शव खांद्यावरून समुद्रापर्यंत आणणारे चुमा आणि सुसी नाशिकच्या शाळेतले होते, असा मजकूर मोबाइलवर फिरतोय. खरं आहे का? (कॉलेज रोड)

नाही. जेम्स चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता. अब्दुल्ला सुसी झांबेझी नदीकाठच्या शुपांग्याचा. तो लिव्हिंगस्टनच्या बोटीबरोबर मुंबईला आला आणि गोदीत कामाला लागला. दोघांचाही नाशिकशी संबंध नाही. १८६६ साली मोहीम सुरू झाली तेव्हा लिव्हिंगस्टनने रोजनिशीत आपल्या माणसांची मोजदाद लिहून ठेवली आहे : १३ शिपाई, १० जोहाना बेटावरचे, ९ नाशिकची मुलं, २ शुपांग्याचे आणि २ याओ या आफ्रिकी जमातीचे. सुसी शुपांग्याच्या दोघांत येतो, चुमा याओ दोघांत. लिव्हिंगस्टनने स्वतःच त्यांना वेगळं मोजलंय, तेव्हा आपण त्यांना नाशिकच्या खात्यात ओढायचं कारण नाही.

आणि ओढायची गरजही नाही, कारण खरा नाशिककर त्याच गोष्टीत आहे आणि आपल्याला त्याचं नाव ठाऊक नाही. तो जेकब वेनराइट. जन्माने याओ. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, इंग्रजी जहाजाने सोडवला आणि नाशिकला आला. १८७२ साली लिव्हिंगस्टनला शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅनलीने झांझिबारहून लिव्हिंगस्टनकडे ताज्या दमाची तुकडी पाठवली, तिच्यात जेकब आणि नाशिकचे आणखी काही तरुण होते. मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फॅरार त्यांतलेच. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या माणसांनी काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाडाखाली पुरली. शवात मीठ भरून ते चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं आणि वरून शिडाचं कापड शिवलं. पुरताना प्रार्थना वाचली जेकबने. झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच, कारण अक्षर त्याच्या हाताला सरावाचं होतं, आणि ते त्याने नाशिकला गिरवलेलं होतं. सुमारे नऊ महिने चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ही मंडळी बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. पुढे बोटीने शवाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले तोवर अंत्यविधी होऊन गेला होता.

मुलीला शाळेसाठी जेकब वेनराइटचा एक पानी परिचय लिहायचाय. जन्मतारीख, आईवडील, मूळ गाव काहीच मिळत नाही. उलट लिव्हिंगस्टनच्या मृत्यूच्याही दोन तारखा सापडतात. काय लिहावं? (इंदिरानगर)

जन्मतारखेपासून सुरुवात करूच नका. गुलाम म्हणून नेलेल्या मुलाची जन्मनोंद कुणी केलेली नसते. मिशनच्या कागदात मिळते ती फार तर बाप्तिस्म्याची तारीख. वंशावळीच्या संकेतस्थळांवर हीच तारीख 'जन्म' म्हणून चढवलेली दिसते. चूक तिथून सुरू होते आणि पुढे वयाची सगळी गणितं बिघडतात. बाप्तिस्मा असेल तर बाप्तिस्मा असंच लिहा.

दुसरा खड्डा आडनावाचा. ही नावं आईबापांनी ठेवलेली नाहीत, मिशनऱ्यांनी दिलेली आहेत. १८६६ च्या तुकडीत सायमन प्राइस नावाचा मुलगा होता. शरणपूरच्या वसाहतीचे प्रमुख रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस. आडनाव एक आहे म्हणून नातं काढू नका. एका आडनावाचे दोघे दिसले तरी ते भाऊ आहेत असं लगेच धरू नका. याओ भाषेतलं मूळ नाव एखाद्या कागदात सापडलं, तर ते परिचयात सगळ्यांत आधी लिहा. त्याचं ते पहिलं आणि स्वतःचं नाव होतं, कंसात टाकायची वस्तू नव्हे.

मृत्यूच्या तारखेचं कोडं खरंच आहे. जेकबने झाडावर ४ मे १८७३ कोरलं, ॲबीतल्या थडग्याच्या दगडावर १ मे आहे. झाडाचा तो कोरलेला तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपलेला आहे. एक तारीख खोडून दुसरी ठेवू नका. "झाडावर ४ मे, ॲबीतल्या दगडावर १ मे" असं एका ओळीत लिहा. शिक्षकांनी विचारलं तर मुलीला सांगता येईल की जेकब तिथे हजर होता, आणि ॲबीतला दगड नंतर इंग्लंडात घडवला गेला.

इंग्रजीत शोधताना नाशिकचं आजचं स्पेलिंग पुरत नाही. त्या काळच्या छापील मजकुरात नाव डबल एस आणि शेवटी सी-के असं येतं. एका एसचंही येतं. दोन्ही घालून पाहा, आणि शाळेऐवजी 'नॅसिक बॉइज' शोधा, कारण या मुलांची ओळख त्याच नावाने होती. वसाहतीच्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड, म्हणजे १८८३ चा सोळावा, आधी उघडा. मिशनऱ्यांनी मुख्यालयाला पाठवलेली पत्रं इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी ग्रंथालयात चर्च मिशनरी सोसायटीच्या दप्तरात आहेत. वाचताना एक भान ठेवा : मिशनची पत्रं वर्गणी देणाऱ्यांपुढे जायची, म्हणून त्यांत मुलं गुणी दिसतात. लिव्हिंगस्टनची रोजनिशी थकल्या, तापलेल्या माणसाची आहे, म्हणून तीच मुलं त्यात आळशी दिसतात. या दोन्हींत मुलं स्वतः बोलत नाहीत. म्हणून जेकबची रोजनिशी आणि कॅरस फॅरारने लिहिलेली हकिगत यांचं मोल मोठं आहे.

जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या झिजलेल्या दगडांवरची नावं उतरवून घ्यायची आहेत. खडू चोळला तर चालेल का? (शरणपूर रोड)

खडू नको, पीठ नको, हळद नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको. खडूची पूड दगडाच्या रंध्रांत बसते आणि पुढच्या पावसात निघतही नाही. आधी चर्चच्या जबाबदार व्यक्तीची परवानगी घ्या आणि दफनाची नोंदवही पाहायला मिळेल का तेही विचारा; अर्ध्या दगडांचं उत्तर तिथेच असतं.

दगड वाचायचा तो प्रकाशाने. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा. दगडाची वाचायची बाजू उत्तरेला असेल तर हिवाळ्यात तिच्यावर ऊन येतच नाही. मग एकाने हातभर लांबीचा आरसा घेऊन उन्हात उभं राहायचं आणि कवडसा दगडाच्या कडेने, अगदी घासून जाईल असा टाकायचा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि डोळ्यांना सपाट वाटणारा दगड वाचता येतो. समोरून फ्लॅश मारला तर हीच सावली मरते. आपल्याकडच्या काळ्या दगडावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारला तरी फरक पडतो. सुकेपर्यंत दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात फोटो काढा. शेवाळ असेल तर मऊ ब्रश आणि पाणी, बस. दगड पापुद्र्यांनी सुटत असेल तर त्याला हातही लावू नका.

संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळून गेली असतील, तर नाव गेलं असं समजू नका. प्रत्येक अक्षरामागे बारीक भोकं उरतात. शेजारच्या शाबूत दगडावर त्याच अक्षराची भोकं कशी आहेत ते पाहा आणि ताडून वाचा.

उतरवताना ओळ जिथे तुटते तिथेच तोडा, स्पेलिंग चुकलेलं असेल तर तसंच ठेवा, न लागलेल्या अक्षराला चौकोनी कंस करा. सगळ्यांत जास्त घोळ आकड्यांत होतो : १ आणि ७, ३ आणि ८, ५ आणि ६ यांची इंग्रजी रूपं झिजली की एकसारखी दिसतात. दोघांनी एकमेकांचं न बघता वाचावं आणि मग जुळवावं. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण देशी ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी त्यांत असतीलच असं नाही. म्हणून नाशिकमधला दगड आणि नाशिकमधली वही हीच तुमची मुख्य ठेव.

ही आफ्रिकी मुलं म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दींपैकीच ना? (सातपूर)

नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींची इथली वस्ती कितीतरी शतकं जुनी, आणि ते मुसलमान राज्यकर्ते. शरणपूरची मुलं एकोणिसाव्या शतकात, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आली आणि ख्रिस्ती झाली.

विषय वेगळा आहे, पण नाशिकचाच : इथला इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर टिपण लिहितोय. विद्वान अधिकारी की जुलमी अधिकारी, नेमकं काय म्हणावं? (पंचवटी)

विशेषणं सोडा, कामं लिहा. पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांचं गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं अपुरं काम जॅक्सनने पुरं केलं. ते १८९६ च्या गॅझेटियरमध्ये आहे. त्याने जमवलेल्या लोककथा आणि चालीरीतींची टिपणं एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर छापली. बाबाराव सावरकरांवरचा खटलाही याच जॅक्सनच्या हातून पुढे गेला. इथे पुष्कळ जण चुकतात : जन्मठेपेची शिक्षा सत्र न्यायालयाची होती, कलेक्टरची नव्हे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. या तिघांची पूर्ण नावं टिपणात आलीच पाहिजेत. नाहीतर ती 'मारेकरी' या एका शब्दात बुडतात.

नाशिकला शिकलेल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं? कुणी परत आलं का? (देवळाली कॅम्प)

ओघ उलट्या दिशेने वाहिला. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे १८६४ सालीच मोंबासाजवळच्या राबाईला गेले होते. १८७३ मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. आता सोडवलेल्या माणसांना तिकडेच वसवायचं ठरलं आणि ते काम शरणपूरचा अनुभव असलेल्या प्राइस यांच्याकडे आलं. ते १८७४ च्या अखेरीस मोंबासाला पोचले. समोरच्या किनाऱ्यावर फ्रिअर टाउन उभं राहिलं. तिथले शिक्षक आणि कारागीर म्हणून नाशिकची माणसं उपयोगी पडली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. म्हणजे इथे ते आफ्रिकी आणि तिथे मुंबईचे.

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. २९ ऑक्टोबरला हॅनिंग्टन मारले गेले. मागे ठेवलेला तांडा जोन्सने सांभाळून राबाईला परत आणला. जेकब वेनराइट १८९२ मध्ये आफ्रिकेतच, उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत दीर्घायुषी. तो १९३५ पर्यंत मोंबासाला होता.

तिकडे गेलात तर फ्रिअर टाउनचा पत्ता विचारताना 'केंगेलेनी' म्हणा. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणारे आले की वस्तीला सावध करायला वाजवायची ती घंटा तिथे होती, आणि भागाला आजही तेच नाव आहे.