बीज सोडण्याआधी मासे मोजा

प्रश्न : आमच्या ओढ्यातले मासे वर्षागणिक कमी होत चाललेत. मत्स्यबीज आणून सोडावं असं आमचं चाललंय, पण एक जाणकार म्हणतात, आधी मोजणी करा. वाहत्या पाण्यातले मासे मोजायचे कसे? आणि मोजून ते वाढणार आहेत का?

उत्तर : मोजून मासे वाढत नाहीत. पण ते नेमके कुठे अडलेत, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आम्ही ओढ्याचा शंभरेक मीटरचा तुकडा घेतो आणि दोन्ही टोकांना बारीक जाळी ताणतो. मग पाण्यात विजेचा नियंत्रित प्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवतो आणि झेल्याने उचलतो. (हे काम परवाना आणि प्रशिक्षण असलेल्यांचंच. घरची वीज पाण्यात सोडली तर माणूसही जातो.) समजा पहिल्या फेरीत 48 मासे मिळाले, दुसऱ्या फेरीत 24, तिसरीत 12. दर फेरीला पाण्यात असलेल्यांपैकी निम्मेच हाती लागताहेत, म्हणजे सुरुवातीला 96 होते. हाती आले 84, पण न सापडलेले 12 सुद्धा हिशेबात आले.

नोकरीच्या सुरुवातीला मी गढूळ पाण्यात एकच फेरी मारली आणि मासे निम्म्यावर आल्याचा अहवाल दिला. पाणी निवळल्यावर तीन फेऱ्या केल्या, तर मासे होते तेवढेच. गढूळ पाण्यात आम्हाला ते दिसलेच नव्हते. त्या अहवालावरून कुणी बीज सोडलं असतं तर दोष माझा होता. तेव्हापासून एका फेरीच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

संख्येपेक्षाही मला लांबी जास्त सांगते. हात ओला करून (कोरड्या हाताला माशाचा बुळबुळीत थर निघून येतो) मासा पट्टीवर ठेवायचा, तोंडापासून शेपटीपर्यंत मोजायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. शेदोनशे लांब्या कागदावर मांडल्या की उंचवटे दिसतात. साधारण एकेक उंचवटा म्हणजे एकेका वर्षाची पिढी. विजेला बारीक पिल्लं कमी सापडतात, म्हणून काठच्या उथळ पाण्यात ती बारीक जाळ्याने वेगळी शोधतो. तरीही पहिला उंचवटा गायब असेल, तर बहुधा अंडी गाळाखाली गुदमरताहेत किंवा अंडी घालायला वर चढणाऱ्या, म्हणजे चढणीच्या माशांची वाट अडली आहे. पिल्लं भरपूर आणि मोठे मासे नाहीत, असं असेल तर बहुधा मोठ्यांची मासेमारी जास्त होतेय. मोठी मादी लहानीच्या कितीतरी पट अंडी देते, तेव्हा तिथे मोठ्यांना सोडून देण्याचा नियम हवा. यातल्या कुठल्याच दुखण्यावर बीज हा इलाज नाही.

उलट नुकसानही होतं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात मॅडिसन नदीवर डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने अशीच वर्षानुवर्षं मोजणी केली. उबवणी केंद्रातले ट्राउट (थंड पाण्यातले मासे) सोडणं थांबवल्यावर तिथले रानटी ट्राउट वाढले. त्याच आकड्यांच्या जोरावर 1974 मध्ये राज्याने, जिथे ट्राउट स्वतःहून वाढतात अशा नद्यांत ते सोडणं बंद केलं.

म्हणून बीजाचे पैसे तूर्त राखून ठेवा. आधी ओढ्याच्या कडेने खालपासून वरपर्यंत चालत जा. कुठे मोरीच्या पाइपातून पाणी उंचावरून पडत असेल, तर तिथे पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची मोजा. त्या जागेच्या खाली आणि वर कोणते मासे दिसतात तेही लिहून मला कळवा.