कमी उजेडाच्या बैठकीच्या खोलीला गडद, मातकट पिवळा रंग दिला तर खोली अंधारी दिसेल का? पडदे कोणते घ्यावेत?

अंधारी दिसेल असं जो तो तुम्हाला सांगेल. मला माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने सांगितलं होतं आणि त्यावरून आम्ही वर्षभर धड बोललो नव्हतो. म्हणून लिहायला बसले.

आईच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर दुसरी इमारत. दादाचं म्हणणं, अशा खोलीला पांढराच. अहो, आधीही पांढराच होता! दुपारी चारलाच भिंती राखाडी, आजारी दिसायच्या. पांढरा जो उजेड पडेल तोच परत देतो. निळसर, मरतुकडा उजेड आला तर तो तरी काय करणार? आईने शेडकार्डावर ऑकरवर, म्हणजे लोह असलेल्या पिवळ्या मातीच्या रंगावर, बोट ठेवलं. मी तिची बाजू घेतली.

पहिला हात मारून झाला तेव्हा पोटात गोळा आला. कार्डावरच्या तुकड्यापेक्षा भिंत कितीतरी भडक. चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे खोलीत तो चढतोच. तुम्ही आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी मळकट घ्या आणि आधी मोठ्या पुठ्ठ्यावर लावून तो दिवसभर खोलीत फिरवून बघा.

संध्याकाळी दादा आला, ट्यूब लावली आणि भिंती हिरवट, शेवाळल्यासारख्या झाल्या. "आईला गुहेत ठेवलंस," म्हणाला आणि निघून गेला.

घोळ सगळा ट्यूबचा होता. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. 6500 केल्विनचा निळसर उजेड पिवळ्यावर पडला की पिवळा हिरव्याकडे झुकतो. मी 2700 केल्विनचे, पिवळसर उजेडाचे दोन दिवे आणले, त्यातला एक खाली, भिंतीलगत लावला. आईच्या कपाटाची जी कड पांढऱ्या भिंतीपुढे नुसती काळी दिसायची, तिच्यातल्या लाकडाच्या रेषा त्या रात्री दिसल्या. आई उशीला टेकून कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली. दादाने रात्रीची ती भिंत परत कधी पाहिलीच नाही. मत मात्र आजही तेच!

आणि गुहेचंच म्हणायचं तर फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत साधारण 17,000 वर्षांपूर्वीच्या चित्रांत ही पिवळी माती आहे, अजून टिकून आहे. लोहाचा रंग उन्हाने सहसा विटत नाही.

पडद्यांचं विचारलंत. मळकट पांढरं जाड सुती कापड किंवा गेरूचा लाल. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी जाऊन ती लाल होते, एकाच घरातले रंग आहेत ते, म्हणून जमतं. गडद निळा एखाद्या उशीपुरता. शुभ्र पांढरा पडदा नकोच, त्याच्याशेजारी भिंत मळलेली वाटते. फिनिश मॅट घ्या. चकचकीत रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

एक राहिलं. मोजायला गेलात तर उजेड कमी होतोच. पांढरी भिंत 80 टक्क्यांहून जास्त उजेड परत देते, ऑकर साधारण त्याच्या निम्मा. दादाचं तेवढं बरोबर होतं. त्यामुळे त्या खोलीत कोणी वाचायला किंवा शिवायला बसत असेल तर त्या खुर्चीपाशी वेगळा दिवा लावा. आईच्या खुर्चीपाशी मी लावला होता.