‘ठेव इथे, मी बघते’

बढतीनंतरच्या पहिल्या वर्षात माझ्याकडे सल्ल्यासाठी जी माणसं येतात, त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. कालपर्यंत कामात आपला हात कुणी धरत नव्हतं. आता हाताखाली माणसं आली आणि दिवस कुठे जातो तेच कळेनासं झालं. वर मनात एक शंका कुरतडत असते की आपण या जागेला लायकच नसू, आणि ते फक्त अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ज्या बाईंबद्दल लिहितोय, त्यांनी हे जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. “संध्याकाळी घरी विचारतात, आज काय केलंस? मला सांगताच येत नाही. आधी सांगता यायचं.” (त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.)

त्या विम्याचे दावे तपासणाऱ्या विभागात होत्या. रुग्णालयाची बिलं, डिस्चार्जचा कागद, डॉक्टरांचा अहवाल हे सगळं समोर ठेवलं की कुठे काय जुळत नाही ते त्यांना पटकन दिसायचं. विभागात सगळ्यात जास्त फाइली त्याच हातावेगळ्या करायच्या. साहजिकच वरची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांना दुसरं नाव सुचलंच नाही. एका शुक्रवारी त्या आठ जणांतल्या एक होत्या, सोमवारी उरलेल्या सात जणांच्या मॅनेजर झाल्या. मधल्या दोन दिवसांत त्यांना काय शिकवलं गेलं? काही नाही.

हे असंच होतं, सगळीकडे होतं. बेन्सन, ली आणि शू या तीन संशोधकांनी १३१ कंपन्यांमधल्या विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याची विक्री जास्त, त्याला मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल होता, हे त्यात दिसलंच. पण बढतीआधी ज्यांची विक्री जास्त होती, त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट खालावलेली निघाली. मला यात नवल वाटत नाही. बढती हे आपण बक्षीस म्हणून देतो, आणि देताना हे सांगत नाही की ज्या कामासाठी बक्षीस मिळतंय ते काम आता सुटणार आहे.

बाईंचं ते सुटलं नव्हतं. दिवसभर लोक काही ना काही विचारायला यायचे, बैठका व्हायच्या, आणि सगळे घरी गेले की त्या प्रत्येकाच्या फाइली उघडून पुन्हा तपासायच्या. चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. रात्री उशिरा घरी. झोप मोडकी. पहाटे जाग आली की कुठली फाइल राहिली याची उजळणी. मी आधी झोप, भूक, मन याबद्दल नीट विचारून घेतलं. कित्येक आठवडे मन खिन्न राहात असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मॅनेजर कसं व्हावं हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो, आधी डॉक्टरांकडे जावं लागतं. त्यांचं तसं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी झोप छान लागत होती.

त्यांच्या साहेबांचं निदान तयार होतं : ‘तुला काम सोडता येत नाही, तुझा लोकांवर विश्वास नाही.’ बाईंनीही ते मान्य करून टाकलं होतं. मला ते पटेना. संध्याकाळच्या त्या फाइलींबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. एकदा त्यांनी एका दाव्याची गोष्ट सांगितली. बिल १२ तारखेचं, रुग्ण घरी गेला १४ तारखेला, मग उरलेल्या दोन दिवसांचा खर्च गेला कुठे? त्यांनी शोधून काढलं की दुसरं बिल भलत्याच फाइलीला जोडलं गेलं होतं. हे सांगताना बाई पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसल्या. दिवसभरात त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचा तेवढाच एक तास होता. तो अविश्वासाचा तास नव्हता. जे काम त्यांना मनापासून यायचं, आवडायचं, ते हिरावलं गेलं होतं, आणि बढती मिळालेल्या माणसाने कशाबद्दल वाईट वाटून घेतलेलं लोकांना खपत नाही.

मी त्यांना एवढंच म्हटलं, “तुम्हाला जुन्या कामाची आठवण येते.” त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, “हे असं म्हणायचं असतं?”

म्हणायचं असतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचे कुठलेही उपाय लागू पडत नाहीत, असं माझं मत आहे. ‘जबाबदारी वाटून द्या’ हा सल्ला त्यांनी प्रशिक्षणात ऐकला होता, वहीत लिहूनही घेतला होता. पण समाधान मिळायची एकुलती एक जागा कोण आपण होऊन वाटून टाकेल?

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लिंडा हिल यांनी नव्याने मॅनेजर झालेल्या १९ जणांचं पहिलं वर्ष जवळून पाहिलं होतं. त्या मंडळींना वाटलं होतं की आता अधिकार मिळेल. प्रत्यक्षात आपण आधीपेक्षा जास्त लोकांवर अवलंबून आहोत हे त्यांना हळूहळू उमगलं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. “म्हणजे हे फक्त माझंच नाही.”

मग मी त्यांना एक छोटं काम दिलं. आठवडाभर एक वही जवळ ठेवायची. कुणी काही विचारायला आलं की तीन गोष्टी टिपायच्या : कोण आलं, काय विचारलं, आणि तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य काय होतं. उत्तर बरोबर की चूक ते लिहायचं नाही, फक्त पहिलं वाक्य.

पुढच्या वेळी त्या वही घेऊन आल्या आणि पानं माझ्यापुढे सरकवून गप्प बसल्या. तिसऱ्या रकान्यात ओळीने एकच वाक्य होतं : ‘ठेव इथे, मी बघते.’ कुठे ‘ठेवा इथे’, कुठे नुसतं ‘ठेव’. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी वाक्य लिहिणं सोडून ‘ – ॥ – ’ अशी खूण करायला सुरुवात केली होती.

विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांचा १९७४ सालचा एक लेख व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही वाचला जातो. त्यात प्रत्येक अडलेलं काम म्हणजे एक माकड. हाताखालचा माणूस ते आपल्या खांद्यावर घेऊन येतो, साहेब म्हणतो ‘बघतो’, आणि माकड टुणकन साहेबाच्या खांद्यावर. बाईंच्या खांद्यावर आठवड्याला किती माकडं चढत होती ते वहीत दिसतच होतं. पण मला त्याच्या दुसऱ्या बाजूचं जास्त महत्त्व वाटतं, माकड उतरवून मोकळ्या खांद्याने परत जाणाऱ्या माणसाचं काय होतं? बाईंच्या लोकांनी एक साधा हिशोब केला होता. मॅडम संध्याकाळी सगळं तपासतातच, मग आपण कशाला दोनदा बघा? फाइली अर्ध्याकच्च्या येऊ लागल्या. तशा येतात म्हणून बाई आणखी बारकाईने तपासू लागल्या. मॅडम आणखी बारकाईने तपासतात म्हणून…

विभागात एक नवा मुलगा होता. त्याची नेमकी ती तारखांचीच चूक व्हायची. बाई ती रोज गुपचूप दुरुस्त करायच्या.

“त्याला सांगितलंत?”

“नाही. बिचारा नवीन आहे. त्याला वाईट वाटेल.”

“त्याला, की तुम्हाला?”

त्यांनी उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून घेतलं. बाकीच्यांसमोर नाही, वेगळं. त्याच्याच दोन फाइली समोर ठेवल्या आणि ‘तू निष्काळजी आहेस’ वगैरे न म्हणता नुसतं विचारलं, “या दोन तारखा बघ. काय दिसतं?” मुलाने बघितलं, चूक ओळखली, आणि विचारलं, “मॅडम, मी हे आधीपासून करतोय का?” इतके महिने त्याला वाटत होतं की त्याचं काम अगदी नीट चाललंय. दयेपोटी आपण त्याचं नुकसान करत होतो, हे बाईंना फार लागलं. माझ्या सांगण्याने ते इतकं लागलं नसतं.

तरी त्यांचा एक आक्षेप होता आणि तो रास्त होता. “मी तपासणं बंद केलं आणि चुकीची फाइल बाहेर गेली तर? एखाद्याचा खरा दावा नाकारला जाईल.” इथे ‘लोकांवर विश्वास ठेवा’ असं म्हणणं म्हणजे बेजबाबदारपणा. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ साली याबद्दल जे मांडलं ते मला आजही उपयोगी वाटतं. किती लक्ष घालायचं हे मॅनेजरच्या स्वभावावर ठरत नाही, समोरच्याला ते विशिष्ट काम किती येतं यावर ठरतं. तोच माणूस एका कामात मुरलेला असतो आणि दुसऱ्यात नवखा. आणि काम सोपवून त्याकडे पाठ फिरवणं हे सोपवणं नव्हेच.

मग आम्ही माणसागणिक विचार केला. नव्या मुलाच्या सगळ्या फाइली काही आठवडे बघायच्या, पण संध्याकाळी मागे राहून नाही, त्याला शेजारी बसवून. दोघीजणी पक्क्या तयार होत्या, त्यांच्या फाइलींमधली मधूनच एखाद-दुसरी उचलून पाहायची आणि तसं त्यांना आधी सांगून ठेवायचं. नाकारले जाणारे आणि मोठ्या रकमेचे दावे मात्र सगळ्यांचेच बाईंच्या नजरेखालून जातील. आणि ‘ठेव इथे’च्या जागी नवा प्रश्न : “तुला काय वाटतं, काय करावं?” पहिल्या आठवड्यात लोक गोंधळले. एक जण तर म्हणाला, “मॅडम, चिडलात का?”

खरी अडचण मात्र वेगळीच होती. तिच्याबद्दल बाई उशिरा बोलल्या. विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. बाईंना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. बढतीआधी ते त्यांना ‘अगं’ म्हणायचे, आता चारचौघांत ठसक्यात ‘मॅडम’ म्हणायचे आणि फाइली उशिरा द्यायचे. बाई त्यांना काही बोलत नव्हत्या. त्यांच्या वाटच्या फाइली स्वतःच उरकत होत्या.

त्यांच्याशी कसं बोलायचं याची आम्ही तालीम केली, मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या, म्हणजे बाईंच्या ‘सरां’च्या भूमिकेत. पहिला प्रयत्न असा झाला : “सर, वेळ असेल तर, म्हणजे घाई नाही, पण जमलं तर त्या फाइली…” मी म्हटलं, “अगं, देतो की. एवढं काय!” संभाषण संपलं. दुसऱ्या प्रयत्नात बाई एकदम अधिकाऱ्याच्या सुरात गेल्या आणि स्वतःच दचकल्या. नव्या मॅनेजरचे बहुधा हेच दोन सूर असतात, विनवणीचा आणि दरडावणीचा. मधला सापडायला वेळ लागतो. त्यांचा सापडला तो असा :

“सर, हे काम मी तुमच्याकडून शिकले, ते विसरलेली नाही. आता फाइली वेळेत जाण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. गेल्या महिन्यात तुमच्याकडच्या सहा फाइली मुदत उलटल्यावर आल्या. काय अडचण येतेय?”

आणि मग गप्प बसायचं. तालमीत सगळ्यात अवघड हेच गेलं. शांतता झाली की त्या स्वतःच उत्तर देऊन टाकायच्या, “कामाचा ताण असेल ना तुम्हाला,” असं काहीतरी.

प्रत्यक्षात सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ती जागा आपल्याला मिळेल असं त्यांना वाटलं होतं. का मिळाली नाही हे कुणी सांगितलं नाही, सगळ्यांबरोबर त्यांनाही ईमेलवरूनच कळलं. यात बाईंचा दोष नव्हता आणि त्यांच्या हातातही काही नव्हतं. त्यांनी सफाई दिली नाही, ऐकून घेतलं, आणि सरांना विचारून ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. फाइली आता बहुतेक वेळेत येतात. ‘अगं’ मात्र परत आलेलं नाही. ते कदाचित येणारही नाही, आणि ते सोसणं हा या नोकरीचाच भाग आहे.

जुन्या मैत्रिणींचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. त्यांच्या गप्पांच्या ग्रुपमधून बाई स्वतःच बाहेर पडल्या. लोकांना साहेबाची टिंगल करायला एक जागा लागते, तिथे साहेबाने बसून राहू नये.

साहेबांना एक प्रश्न विचारायला मी बाईंना सांगितलं होतं : सहा महिन्यांनी तुम्ही माझं काम चांगलं झालं असं कशावरून म्हणाल? त्यांना वाटत होतं उत्तर ‘निकाली काढलेल्या फाइली’ असं येईल. साहेब म्हणाले, “तू आठवडाभर सुट्टीवर गेलीस आणि मला एकही फोन आला नाही, तर.” हे साहेब पहिल्या दिवशी बोलले असते तर आमच्या निम्म्या भेटी वाचल्या असत्या.

आता संध्याकाळी घरी सांगायला त्यांच्याकडे थोडंफार असतं. त्या मुलाने आज स्वतःहून तारखांची गडबड पकडली, अमकीने एक अवघड पत्र न विचारता लिहिलं. हे समाधान पातळ आहे, जुन्यासारखं घट्ट नाही, असं त्या स्वतःच म्हणतात. आठवड्यातून एक गुंतागुंतीचा दावा त्यांनी स्वतःसाठी ठेवलाय. मी त्याला हरकत घेतली नाही, फक्त तो मुदतीच्या कचाट्यातला नसावा एवढं पाहायला सांगितलं.

परत जुन्या जागी जावं का, हा प्रश्न त्यांनी अजून मिटवलेला नाही. वर्ष पूर्ण झाल्यावर ठरवू म्हणतात. काही कंपन्यांत माणसं न सांभाळताही तज्ज्ञ म्हणून वर जायची वाट असते. त्यांच्याकडे तशी आहे का, हे त्या पुढच्या महिन्यात विचारणार आहेत.