कॉल लावला की समोरचा फोन नेमका सापडतो कसा?

तुमचे दोन प्रश्न आहेत: आपल्या फोनच्या लहरी थेट समोरच्या फोनपर्यंत जातात का, आणि तो कुठे आहे हे नेटवर्कला कसं कळतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही जात. तुमचा फोन आपल्या टॉवरशी बोलतो, समोरचा त्याच्या टॉवरशी, आणि मधला प्रवास बहुतेक केबलमधूनच होतो. दोघं एकाच खोलीत बसला असाल तरीही.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा. कॉल आल्यावर शोधाशोध सुरू होत असेल असं वाटतं, पण निम्मं काम आधीच झालेलं असतं. नेटवर्कने आपला प्रदेश विभागांत वाटून ठेवलेला असतो आणि एकेका विभागात बरेच टॉवर येतात. खिशातला फोन टॉवरचे सिग्नल ऐकत असतो. विभाग बदलला की तो स्वतःहून तसं कळवतो. नेमका विभाग त्या भागातल्या मोबाइल एक्स्चेंजकडे, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या केंद्राकडे, नोंदला जातो. फोन सध्या कोणत्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे, एवढंच कंपनीच्या मुख्य डेटाबेसला माहीत असतं. टूजी-थ्रीजीत या डेटाबेसला एचएलआर म्हणतात.

तुम्ही नंबर लावलात की आधी एचएलआरला विचारणा होते. तो त्या एक्स्चेंजकडून एक तात्पुरता नंबर मागवतो आणि कॉल त्या नंबरवर वळवला जातो. हा नंबर तुम्हाला कधीच दिसत नाही. मग त्या विभागातले सगळे टॉवर एकदम हाक देतात. याला पेजिंग म्हणतात. हाक शक्यतो मोबाइल नंबराने किंवा सिमच्या कायम ओळखीने न देता बदलत्या तात्पुरत्या ओळखीने देतात, म्हणजे हवेतले सिग्नल ऐकणाऱ्याला माणसाचा माग काढणं अवघड जावं. मला ही काळजी फार महत्त्वाची वाटते. फोन सतत कान लावून नसतो, ठरावीक अंतराने जागा होऊन ऐकतो. बॅटरी टिकते ती यामुळेच.

फोनने 'ओ' दिली की टॉवर त्याला चॅनेल देतो. सिम खरं आहे का, हेही तपासता येतं: नेटवर्क 128 बिटांची यादृच्छिक संख्या पाठवतं, सिम आपल्या गुप्त किल्लीने तिचं उत्तर काढतं. किल्ली सिमबाहेर पडत नाही. एवढं झाल्यावर तिकडे फोन वाजतो. नंबर लावल्यावर रिंग ऐकू येईपर्यंत जी शांतता असते, ती याच कामाची.

फोरजीत व्होल्टी, म्हणजे फोरजीच्या डेटा नेटवर्कवरूनच कॉल करायची सोय, असेल तर आवाज छोट्या पॅकेटांतून जातो आणि यंत्रणांची नावं बदलतात, पण विभाग आणि हाक हे तसंच राहतं.

एक गोष्ट पडताळून पाहा. फोन नीट बंद केला तर तो जाता जाता नेटवर्कला कळवतो, त्यामुळे कॉल करणाऱ्याला सहसा लगेच संदेश ऐकू येतो. तोच फोन चालू स्थितीत एकदम रेंजबाहेर गेला, तर नेटवर्क त्याला हाका मारत राहतं आणि संदेश यायला जास्त वेळ लागतो.