पाठ टेकवायची विद्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची आहे, तालमीत मॅटवर सराव करते. अमेरिकेतल्या बायकांच्या कुस्त्या मोबाइलवर बघून ती आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींना उचलून आपटायला लागल्यात. ते सगळं लुटुपुटीचंच असतं ना? मग काळजीचं कारण आहे का? – एक पालक, कराड

उत्तर : काळजीचं कारण आहे. तिकडे निकाल आधी ठरलेला असतो, पण पडणं खरंच असतं.

आपल्या तालमीतली सगळी शिकवण पाठ वाचवण्याची. पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, लागला की पोरगी हवेतच अंग फिरवते आणि पोटावर येते. तिकडे पहिला धडाच पाठ देण्याचा. त्याला ते ‘बंप’ म्हणतात. आपल्या पैलवान मुलींची खरी अडचण इथेच होते : ऐन वेळी अंग सवयीने वळतं आणि सगळा भार एका खांद्यावर येतो.

बंप शिकवतात तो उकिडवं बसवून. हनुवटी छातीला चिकटलेली, नजर स्वतःच्या पोटावर. मागे लवंडताना श्वास सोडायचा. पाठीचा वरचा सपाट भाग टेकतो त्याच क्षणी दोन्ही हात, अंगापासून साधारण 45 अंशांवर, तळवे खाली करून जमिनीवर आपटायचे. मार एका जागी न बसता पसरतो तो यामुळे. हनुवटी सुटली की डोक्याची मागची बाजू आपटते. घाबरून हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर जातं. आधी बूड टेकलं तर माकडहाडाला मार बसतो. हे जमल्याशिवाय उभ्याने पडू देत नाहीत.

शिवाय डब्ल्यूडब्ल्यूईची, म्हणजे या कुस्त्या भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीची, रिंग 20 फूट बाय 20 फुटांची : पोलादी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. फळ्या लवतात, म्हणून तो धाडकन आवाज येतो आणि थोडा मार त्या पितात. तालमीतला मॅट मऊ असला तरी त्याच्याखाली बहुधा फरशी असते, आणि फरशी लवत नाही. उचलली जाणारी बाईसुद्धा स्वतः उडी मारून साथ देते, आणि उचलणारी तिचं डोकं सांभाळते. दोघींनाही पुढचं माहीत असतं. मैत्रिणीला अचानक उचललं तर यातलं काहीच होत नाही. डोक्यावर आपटणारा पाइलड्रायव्हर तर मानेच्या धोक्यामुळे तिथेही सर्रास करू देत नाहीत.

तेव्हा उचलाउचली आजच थांबवा आणि वस्तादांच्या कानावर घाला. हौस असेल तर ज्युदोच्या प्रशिक्षकाकडे पाठवा, कारण ज्युदोची सुरुवातच नीट पडण्यापासून होते. डोकं आपटल्यावर उलटी, डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, गुंगी यातलं काहीही जाणवलं तर सराव बंद करून थेट डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : 2019च्या रेसलमेनियात रोंडा राउझीचा खांदा उचललेला दिसतो, तरी ती हरली कशी? – एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलंत. रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सर्वात मोठा सोहळा. त्यातली 7 एप्रिल 2019ची ती लढत तिघींची : बेकी लिंच, रोंडा आणि शार्लट फ्लेअर. मातीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, तिथेच कुस्ती संपली. रिंगमध्ये दोन्ही खांदे पंचाने मोजत जमिनीवर तीनदा हात आपटेपर्यंत टेकलेले राहावे लागतात. बेकीने रोंडाला गुंडाळलं, मोजणी चालू असताना रोंडाचा खांदा उचलला गेला, तरीही पंचाने तीन मोजले. तिथे पंचाचा हात तिसऱ्यांदा पडला की निकाल लागला.

पण खांद्यापेक्षा त्या लढतीची जागा मोठी. रेसलमेनियाची शेवटची, मुख्य लढत बायकांची होण्याची ती पहिलीच वेळ. चारच वर्षांपूर्वी, 23 फेब्रुवारी 2015ला, ‘रॉ’ या त्यांच्या दर आठवड्याच्या कार्यक्रमात बायकांच्या जोडीची लढत अर्ध्या मिनिटात गुंडाळली होती. प्रेक्षक खवळले, बायकांना संधी द्या म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम उभी राहिली. त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवोदितांच्या कार्यक्रमात बेली आणि साशा बँक्स यांना पुरी 30 मिनिटं मिळाली. तेवढ्या वेळात जिचे विजय जास्त ती जिंकणार, आणि बेलीने 3–2ने बाजी मारली. शक्य असेल तर ती लढत मुलींना आवर्जून दाखवा. दम कसा राखायचा, दुखरा हात लढतभर दुखराच कसा दाखवायचा, हे त्यात दिसतं. अर्ध्या मिनिटात यातलं काय दाखवणार?

प्रश्न : आपल्याकडच्या मुलीला तिकडे जाता येईल का? – एक वाचक, विटा

उत्तर : येईल. हरियाणाची कविता दलाल आधी वेटलिफ्टर होती. जालंधरला खलीच्या अकादमीत शिकली आणि 2017मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये सलवार-कमीज घालून उतरली. आपल्याकडचा पायाही कच्चा नाही : महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च 2023मध्ये सांगलीतच झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली.

अठरा वर्षांपर्यंत कुस्तीच करू द्या. कमी पडतं ते बोलणं. तिथे माइक हातात घेऊन हजारो लोकांसमोर बोलावं लागतं, तेही इंग्रजीत. त्याचा सराव घरीच होतो : पन्नास बैठका मारायच्या आणि धाप लागलेली असतानाच दोन मिनिटं न अडखळता बोलायचं. आधी मराठीत, ते जमलं की इंग्रजीत.