‘तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते’

मावशी, आम्ही म्युनिकला राहतो. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ७४, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. जूनमधल्या शाळेच्या सुट्टीत सहा दिवस स्वित्झर्लंडला जायचं ठरलंय. नवऱ्याने युंगफ्राऊ, टिटलिस, ऱ्हाइनचा धबधबा, ल्यूसर्न, झुरिक असं सगळं बसवलंय, कारण ‘आई परत कधी येणार?’ आई म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते.’ त्यावर तो चिडतो. मुलगी म्हणते, मी आजीबरोबर एका खोलीत झोपणार नाही. आणि खरं सांगते, आई ‘नाही’ म्हणाल्या तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. वर्षभर या सहा दिवसांची वाट बघते मी. तिथेही चहा, नाश्ता, गोळ्या, आंघोळ हेच करायचं का?
— एक सून, म्युनिक

लाज बाजूला ठेव. नोकरी, घर, दोन मुलांच्या शाळा आणि जर्मन कचेऱ्यांची टपालं सांभाळणाऱ्या बाईला सहा दिवस कुणाच्या चहाची वेळ बघायची नसेल, तर त्यात सासूचा दुस्वास नाही. तू दमली आहेस, एवढंच.

मला तुझ्या पत्रात वेगळंच खटकलं. चहा, नाश्ता, गोळ्या, आंघोळ हे सगळं तू करतेस असं तू गृहीतच धरलं आहेस. नवऱ्याच्या वाट्याला बुकिंग आणि चिडणं. आई कुणाची? व्हिसासाठी तिथल्या कचेरीत जाऊन ‘राहण्याखाण्याचा, औषधपाण्याचा खर्च माझ्यावर’ असं हमीपत्र दिलं असेल, तर ते बहुधा त्यानेच दिलं असणार. पैशांची हमी तो पाळेलच. पण सकाळची गोळी हातात ठेवणं, उतारावर हात धरणं, रात्री पायाला तेल चोळून देणं हेही त्याच्याकडेच हवं. हे प्रवासात आयत्या वेळी सांगू नकोस, तिथे भांडण होईल. निघण्याआधी, घरात, शांतपणे ठरवून टाक. आईंना सुरुवातीला अवघड वाटेल. लेकाने गोळ्यांचा डबा भरलेला पाहण्याची त्या पिढीला सवय नाही. दोन दिवसांत होते.

आता त्यांचा नकार. ‘आई, तुम्हाला यायचंय का?’ असं विचारलं की या वयाच्या बायका ‘नाही’च म्हणतात. हो म्हणणं म्हणजे आपण होऊन कुणावर तरी भार टाकणं, असं त्यांना वाटतं. म्हणून तसं विचारूच नकोस. लेक घरात नसताना, भाजी निवडता निवडता, नेमकं विचार: गाडीत किती वेळ बसवतं? वाटेत लघवीची सोय नसली तर काय, याची काळजी वाटते का? मला विचारशील तर नकारामागे निम्म्याहून जास्त वेळा संडासच असतो. लेकाला हे सांगता येत नाही, सुनेला सांगायला संकोच, नातवंडांसमोर तर शक्यच नाही. हायवेवरच्या थांब्यावर नाणी टाकून फिरत्या दांड्यातून आत जायचं आणि आत फक्त कागद. मग अशी बाई आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यामुळे काहीजणी ती गोळीही गुपचूप टाळतात. हे तू स्वतःहून बोललीस, ‘आई, दीड तासाला थांबूच, आणि संडासात न्यायला पाण्याची छोटी बाटली मी वेगळी घेतलीये’ एवढं जरी म्हणालीस, तरी निम्मं ‘घरीच थांबते’ गळून पडेल.

खरं तर मी गाडी घरी ठेवून रेल्वेने जा म्हणेन. म्युनिकहून झुरिकला थेट गाडी साधारण साडेतीन तासांत पोचते, डब्यात संडास असतो, गुडघे आखडले तर उठून चार पावलं टाकता येतात. आधी कळवून ठेवलं तर स्विस स्टेशनांवर चढायला-उतरायला माणूस मदतीला येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

राहायची जागा निवडताना डोंगराचे फोटो नंतर बघ, आधी बाथरूमचा फोटो बघ. टब असेल तर नको. दुखऱ्या गुडघ्याने टबाच्या काठावरून पाय आत टाकणं आणि ओल्या पायाने बाहेर येणं, सहलीतली सगळ्यात धोक्याची चढाई तीच. जमिनीसपाट शॉवर, बसायला स्टूल, तळमजला किंवा लिफ्ट. मालकाला ईमेल करून विचार, तिथले लोक नीट उत्तर देतात.

दुसरं कारण पैसा असेल. एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे आणि कराडची बाई दर पाटीसमोर उभी राहून मनात गुणाकार करणार. कॉफी पाचशे रुपये! ‘फुकट आहे हो आई’ अशा थापा मारू नकोस, त्यांना कळतं आणि अपमान वाटतो. उलट त्यांनाही खर्च करू दे. निघताना कुणा भाच्याने, दिराने हातात ठेवलेले युरो त्यांच्या पर्समध्ये घडी करून पडलेले असतीलच. एका दुपारचं आइस्क्रीम आजीकडून. मुलांना आधी सांगून ठेव, तेव्हा मध्ये पडून ‘राहू दे हो, मी देते’ असं म्हणायचं नाही. हे तुलाही लागू.

आणि आता तो कार्यक्रम. सहा दिवसांत युंगफ्राऊ, टिटलिस, ऱ्हाइन, ल्यूसर्न, झुरिक! ही सहल कुणासाठी आहे? नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी असेल तर ठीक. टूर कंपन्यांना असं पळावं लागतं, कारण त्यांना पुढच्या हॉटेलात चाळीस माणसं उतरवायची असतात. तुम्हाला कुणी पळवत नाहीये. एक मुक्काम धरा आणि तिथेच सगळ्या रात्री राहा. माझं मत ब्रिएन्झ. तळ्याकाठचं गाव, उंची साडेपाचशे मीटरच्या जरा वर, रेल्वे स्टेशन आणि बोटीचा धक्का अगदी शेजारी शेजारी. बोटीत बसलं की चालावं न लागता देश बघता येतो. एका थांब्यावर उतरलं की गीसबाखचा धबधबा. धक्क्यावरून वर जायला १८७९ सालची दोरखंडावर चालणारी छोटी गाडी आहे. चढ ती चढते, आईंनी फक्त बसायचं.

ब्रिएन्झजवळच बालेनबर्ग आहे. स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या भागांतली शंभराहून जास्त जुनी घरं उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत. शेतकऱ्यांची घरं, गोठे, भट्ट्या, गिरण्या, आणि खरीखुरी गाईगुरं, डुकरं, कोंबड्या. कारागीर समोर बसून काम करतात. कराडकडच्या बाईला बर्फापेक्षा हे जास्त कळेल. चुलीवरचा धूर छपरातून कसा जातो, गोठा घराला लागून का, गवत कुठे साठवतात, यावर त्यांचं काहीतरी म्हणणं असणारच, आणि तुम्हा चौघांत त्यातलं कुणालाच काही ठाऊक नसणार. सहलीत निदान एक ठिकाण असं हवं जिथे घरातलं म्हातारं माणूस बाकीच्यांना समजावून सांगेल. आवार मात्र मोठं आहे, सगळं बघायचा हट्ट नको. एका दाराजवळची आठ-दहा घरं, मध्ये बाकावर बसणं, डबा, बास.

उंचीबद्दल. युंगफ्राऊचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. १९१२ पासून तिथे रेल्वे जाते, आता पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्डहून मधल्या स्टेशनापर्यंत वेगवान केबलकारही झाली आहे, त्यामुळे खालचा माणूस फार थोड्या वेळात वर पोचतो. तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. चौऱ्याहत्तरीतली बीपीची माणसं जातात आणि ठणठणीत परत येतात हेही खरं, पण तुझ्या सासूबाईंनी जावं की नाही हे मी सांगणार नाही आणि त्यांच्या लेकानेही ठरवू नये. कराडच्या डॉक्टरांना फोन करा, उंचीचा आकडा सांगा, गोळ्यांची नावं वाचून दाखवा आणि विचारा. रेल्वेच्या सवलतीच्या पासाशिवाय वर जायचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे जातं. आईंनी हा गुणाकार केला तर त्या वर चढून बर्फाऐवजी तिकिटाचाच विचार करत बसतील.

शिखरं बघायची तर म्यूरेन आहे. लाउटरब्रुनेनहून केबलकारने वर, मग छोट्या रेल्वेने डोंगराच्या कडेकडेने गावात. उंची १,६३८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या बरोबरीला, आठ मीटर कमीच. गावात पर्यटकांच्या गाड्या नाहीत, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ओळीने उभे. बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा. बर्फाला हातच लावायचा असेल तर क्लाइने शायडेगपर्यंत रेल्वे जाते, २,०६१ मीटर. जूनच्या सुरुवातीला तिथे कधी कधी कडेला बर्फ उरलेला असतो. पण डॉक्टरांना हाही आकडा सांग.

युंगफ्राऊला कुणीतरी जायचंच असेल तर त्या दिवशी तू मुलांना घेऊन जा. खाली आईंजवळ तुझा नवरा थांबेल. मायलेकांना असा एकटा दिवस मिळून किती वर्षं झाली असतील, मोजायला सांग त्याला. आणि वर तुला कुणाची गोळी आठवायची नाही.

मुलगी चुकीचं काही बोलत नाहीये. चौदाव्या वर्षी स्वतःची गादी आणि बंद होणारं दार लागतं. आजी पाचला उठणार, दिवा लावणार, स्तोत्र पुटपुटणार. पोरगी दहापर्यंत लोळणार. ‘आजी आहे तुझी, एवढं करता येत नाही?’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस, त्याने आजीबद्दल राग तेवढा बसेल. तीन खोल्यांचं घर घे, स्वयंपाकघरासकट. आजीच्या खोलीत धाकटा झोपेल, त्या वयाला गोष्टी ऐकायला आवडतात. तो तयार नसेल तर आजीचा लेक झोपेल. मुलीला दुसरं काम दे: बालेनबर्गला आजीचे प्रश्न कारागिरांना विचारणं. तिचं शाळेतलं जर्मन स्विस बोलीपुढे गडबडेल, मग दोघी मिळून हातवारे करतील.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चहापत्ती, एक तवा. आई रोज स्वयंपाकाला उभ्या राहतील तर त्यांना एक रात्र थालीपीठ करू दे आणि बाकी रात्री ब्रेड, सूप, बटाटे. त्या पक्क्या शाकाहारी असतील तर एक आधीच सांगून ठेव: तिथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पाचक रस, वापरतात. मग खायचं की नाही ते त्या ठरवतील. लपवून खाऊ घालू नकोस.

कागदपत्रांत एक गोष्ट आज रात्रीच तपास. तू ‘तीन महिने’ म्हणतेस. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून. मे ते जुलै असे तीन महिने धरले असतील तर ते ९२ होतात. परतीचं तिकीट आणि व्हिसावर लिहिलेले दिवस समोर ठेवून बोटांवर मोज. स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच आहे, वेगळा व्हिसा नको. पण आईंचा पासपोर्ट बरोबर हवाच. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा काढला असेल. त्यात आधीपासूनच्या आजारांचं, म्हणजे बीपीचं, काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाच. गोळ्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, भारतातलं ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळणार नाही.

एवढं सगळं केल्यावरही आई ‘नाही’ म्हणाल्या तर? मग ते खरं ‘नाही’ आहे. माना. काही माणसांना खरोखर स्वतःचा पलंग आणि खिडकीतली खुर्ची हवी असते, त्यात दुःखाचं काही नसतं. मात्र सहा दिवस त्यांना एकट्यांना ठेवू नका. जर्मन घरांची दारं नुसती ओढली तरी बंद होतात, बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला खाली गेलेली बाई किल्लीशिवाय जिन्यात अडकते, शेजाऱ्याशी बोलायला भाषा नाही, आणि किल्लीवाला बोलावला तर बिल बघून त्यांना खरंच चक्कर येईल. सहाचे चार दिवस करा. म्युनिकमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत; ज्यांच्याकडेही आई आलेली आहे अशा कुणाला चार दिवसांसाठी विचारा. दोन म्हाताऱ्या एकमेकींना तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगली सोबत करतात, सुनांबद्दल बोलायलाही मोकळ्या. तीही सोय झाली नाही तर तुझा नवरा आईजवळ थांबेल आणि तू मुलांना घेऊन जाशील. स्विस रेल्वेने दोन मुलं नेणं तुला मुळीच अवघड नाही.

आईंशी बोलायला सुट्टीच्या आदल्या आठवड्याची वाट बघू नकोस. घराचं बुकिंग पैसे न कापता कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येतं ते बघ, आणि त्याच्या आधी बोल.