निर्मात्याची धमकी आणि मुलाचे नाटक

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेसाठी त्याने लिहिलेल्या एकांकिकेचे एका निर्मात्याने दोन अंकी नाटक केले, त्याचे तिकीट लावून प्रयोगही झाले. मात्र त्याला लेखनाचे मानधन नाही, भूमिकेची नाइट (म्हणजे दर प्रयोगामागचे मानधन) नाही, शिवाय प्रयोगानंतर सेट टेम्पोत चढवण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. आता सर्व हक्क निर्मात्याला देणाऱ्या आणि करार संपल्यावरही दुसरीकडे काम करण्यास मनाई करणाऱ्या कागदावर सही मागितली जात आहे, आणि नाही म्हटल्यास ‘पुण्या-मुंबईत कुठे उभा राहू देणार नाही’ अशी धमकी आहे. नाटकच बंद करावे का, असे आपण विचारले आहे.

नाटक बंद करू नये. सही मात्र करू नये. प्रायोगिक संस्थेत सगळेच पदरमोड करतात आणि त्यात कोणाची फसवणूक नसते. परंतु तिकीटविक्रीचे पैसे एकाच्या खिशात जात असतील आणि बाकीच्यांना ‘नाव होतंय ना’ एवढेच ऐकावे लागत असेल, तर तो धंदा आहे आणि त्याचा हिशेब मागण्यात संकोच नसावा. (असे निर्माते नाट्यगृहाचे भाडे काही रंगभूमीच्या सेवेवर भागवत नाहीत.) माणूस पारखायचा असेल, तर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या आणि कपडेपट पाहणाऱ्या मुलांना पैसे वेळेवर मिळतात का आणि आधीचे कलाकार का सोडून गेले, याची मुलाने चौकशी करावी.

कायदाही आपल्याला वाटतो तितका निर्मात्याच्या बाजूचा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटकाच्या संहितेचे हक्क लेखी आणि सही केलेल्या करारानेच हस्तांतरित होतात, लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार हक्क दिल्यानंतरही उरतो, आणि करार संपल्यावर इतरत्र काम करण्यास मनाई करणारी अट १८७२च्या करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. मूळ एकांकिकेची तारीख असलेली प्रत, प्रयोगांच्या जाहिराती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप त्याने जपून ठेवावेत, आणि प्रत्येक प्रयोगामागे लेखनाचे व भूमिकेचे मानधन किती, हे ईमेलने विचारावे. कागद आधी वकिलाला दाखवावा.

महाविद्यालय सोडण्याच्या त्याच्या विचाराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी पदवी आणि नाटकाचा अनुभव दोन्ही लागतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही नाट्यशिक्षण मिळते, आणि पदवी हाती असली की तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करता येतो. शिवाय पोटापाण्याची दुसरी सोय असलेल्या लेखकाला असल्या धमकीने सहजी नमवता येत नाही.

जाहीर झालेले प्रयोग त्याने पार पाडावेत, कारण ते रद्द झाले तर सहकलाकारांचेही नुकसान होईल. त्यापुढच्या तारखा मात्र ईमेलचे लेखी उत्तर आल्यावरच द्याव्यात.